विष कोणी घातलं?

१९८५ च्या पावसाळ्यात आमचा झिपऱ्या मेला तेव्हा मी दहावीत होतो. आम्ही इंदूरला एका जुन्या वाड्यात भाड्यानं राहत असू. झिपऱ्या तीन-साडेतीन महिन्यांचं पिल्लू. जात कुठलीच नाही, अंगावर पिंजलेल्या कापसासारखे केस. सोमवारी त्यानं दूधपोळीला तोंड लावलं नाही. मंगळवारी ओकत राहिला. बुधवारी रक्ताचे जुलाब सुरू झाले. त्या वासाचं वर्णन करत नाही, ज्यांनी तो एकदा घेतलाय त्यांना सांगायची गरज नाही. गुरुवारी सकाळी तो मोरीच्या दाराशी ताठ होऊन पडला होता.

काय झालं असेल याबद्दल घरात कोणालाच शंका नव्हती. शेजारच्या काकांच्या गुलाबाच्या कुंड्या झिपऱ्यानं दोनदा उकरल्या होत्या आणि काका सामाईक नळावर चारचौघांसमोर म्हणाले होते, "एक दिवस काहीतरी घालीन मी याला." काल-परवापर्यंत उड्या मारणारं पिल्लू रक्त ओतून मरतं म्हणजे विष, आणि विष म्हणजे काका. बाबा त्यांच्याशी पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. आईनं काकूंकडचं हळदीकुंकू सोडलं. एकाच नळावर पाणी भरणारी दोन घरं सोळा वर्षं एकमेकांकडे पाठ करून राहिली. २००१ साली आम्ही वाडा सोडला तोवर काका गेलेही होते. बाबा त्यांच्या तेराव्याला गेले नाहीत.

मी पुढे इतिहासाचा मास्तर झालो आणि बडोद्याला स्थायिक झालो. पुरावा म्हणजे काय, साक्ष आणि अफवा यांत फरक कसा करायचा, हे मी तीस वर्षं मुलांना शिकवतो आहे. पण त्या वाड्यातल्या निकालाची फेरतपासणी करावी असं मला कधी वाटलं नाही. ती २०२० साली झाली, टाळेबंदीत, फोनवर. माझी भाची जनावरांची डॉक्टर आहे. तिच्याकडे त्या आठवड्यात आलेल्या एका पिल्लाची हकिकत ती सांगत होती: खाणं बंद, मग उलट्या, मग रक्त. मी म्हटलं, आमच्या झिपऱ्याचं असंच झालं होतं, पण त्याला विष घातलं होतं. ती जरा थांबली आणि म्हणाली, "मामा, चार दिवसांत असं पायरी-पायरीनं? ते विष नव्हतं. ते पार्व्हो असणार. आणि पंच्याऐंशी साल म्हणजे तर तो तेव्हा नवाच होता."

नवाच होता, हे मला कळेना. रोग नवा कसा असेल? माणूस कुत्रा पाळतो आहे तो शेतीच्या आधीपासून. एवढ्या वर्षांत कुत्र्याला व्हायचे ते रोग होऊन गेले असतील अशी माझी भाबडी समजूत. तेव्हा सगळं जग एका नव्या विषाणूमुळे घरात कोंडलेलं होतं आणि जो तो विचारत होता, हा आला कुठून, कोणी आणला? त्याच दिवसांत मी कुत्र्यांच्या या विषाणूचा इतिहास वाचू लागलो. माझ्या विषयातल्या कित्येक प्रकरणांपेक्षा या प्रकरणातला पुरावा चोख निघाला.

१९७८ साली अमेरिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये, जपानमध्ये जवळजवळ एकदमच कुत्री मरू लागली. दोन प्रकारांनी. काहींना रक्ताचे जुलाब. आणि काही पिल्लं, आठ आठवड्यांच्या आतली, खेळता खेळता किंवा आईच्या अंगाला लुचत असताना एकाएकी कोसळून मरत. फाडून पाहिलं तर हृदयाच्या स्नायूला सूज. धट्टीकट्टी वेत एका आठवड्यात संपत. हे पूर्वी कोणी पाहिलेलं नव्हतं. न्यूयॉर्क राज्यात कॉर्नेल विद्यापीठाची प्राण्यांच्या आजारांवर काम करणारी बेकर इन्स्टिट्यूट आहे. तिथे मॅक्स अपेल, फ्रेड स्कॉट आणि लेलंड कारमायकेल यांनी आजारी कुत्र्यांच्या विष्ठेतून विषाणू वेगळा केला आणि १९७९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. विषाणू पार्व्हो कुळातला. लॅटिनमध्ये पार्व्हस म्हणजे छोटा. हा एवढा छोटा की एका मिलिमीटरच्या रेघेवर अडतीस हजारांच्या आसपास एकाला एक लागून बसतील.

कुत्र्यात एक पार्व्हो १९६७ मध्येच सापडलेला होता, बऱ्यापैकी निरुपद्रवी, म्हणून या नव्याच्या नावाला 'दोन' लागला. पण खरा धागा वेगळाच होता. स्कॉट हे मांजरांच्या रोगांचे जाणकार, आणि हा कुत्र्यातला विषाणू त्यांच्या चांगल्या ओळखीच्या एका मांजराच्या विषाणूसारखा दिसत होता. सारखा म्हणजे इतका, की मांजराची लस टोचली तर कुत्री बऱ्यापैकी वाचत. कुत्र्याची स्वतःची लस तयार होईपर्यंत अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मांजराच्या लशीवरच वेळ भागवली. चुलत्याचा कोट पुतण्याला घालावा तसं.

मांजरांचा तो रोग जुना. त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात, त्यावरूनच त्याला पॅनल्युकोपेनिया हे लांबलचक नाव पडलं. तो गाळणीतून पार होणाऱ्या विषाणूमुळे होतो हे १९२८ मध्ये फ्रान्समध्ये व्हेर्ज आणि क्रिस्तोफोरोनी यांनी दाखवलं होतं. १९४७ मध्ये कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात, फोर्ट विल्यमजवळ, कातड्यासाठी पाळलेल्या मिंक नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांत तसाच रोग निघाला. तोही याच घराण्यातला. म्हणजे हा विषाणू मांजराच्या घरातून अधूनमधून बाहेर पडत होता. कुत्र्याच्या घरात मात्र त्याला शिरता येत नव्हतं.

का येत नव्हतं, हे कळायला आणखी वीस-पंचवीस वर्षं गेली. आणि ते कळलं तेव्हा गोष्ट १९७८ च्या फार फार मागे गेली.

आधी हा विषाणू जगतो कसा ते सांगायला हवं. त्याच्याकडे जेमतेम पाच हजार अक्षरांची डीएनएची एकच दोरी. एवढ्या भांडवलात तो स्वतःची नक्कल करायची यंत्रणा बाळगू शकत नाही. त्याला अशी पेशी लागते जी स्वतःच विभागण्याच्या तयारीत आहे, जिच्या घरात नक्कल करण्याचा कारखाना आधीच चालू आहे. म्हणून तो लहानग्यांना गाठतो, आणि प्रौढांतही आतड्याच्या अस्तरातल्या आणि हाडांच्या मगजातल्या सतत नव्या होणाऱ्या पेशींना. जन्मल्यावर काही दिवस हृदयाच्या पेशीही विभागत असतात, म्हणून ती पिल्लं एकाएकी कोसळत होती. मांजरीला पोटुशी असताना लागण झाली तर पिल्लांचा लहान मेंदू वाढत नाही. ती जगतात, पण आयुष्यभर झोकांड्या खात चालतात. आणि विभागणाऱ्या पेशीला लोह फार लागतं. लोह घेऊन येणाऱ्या प्रथिनाला आत घ्यायला ती अंगावर एक खास कडी-कोयंडा बाळगते, त्याला ट्रान्सफेरिन रिसेप्टर म्हणतात. २००१ मध्ये कॉर्नेलच्याच कॉलिन पॅरिश यांच्या गटानं दाखवलं की विषाणू नेमका हीच कडी वाजवून आत शिरतो. म्हणजे ज्या पेशीला वाढायची घाई आहे तिच्याच दाराशी तो उभा. चोरानं भुकेल्या घराचं दार निवडावं आणि धान्यवाल्याच्या आवाजात हाक मारावी, असं काहीसं.

मांजराची कडी आणि कुत्र्याची कडी जवळजवळ सारखीच. फरक असा की कुत्र्याच्या कडीवर एका जागी साखरेच्या रेणूंची एक जादा साखळी लोंबते, आणि मांजराच्या विषाणूचा हात नेमका तिथे अडतो. ही साखळी कुठून आली? २०१२ मध्ये संशोधकांनी वेगवेगळ्या मांसाहारी प्राण्यांच्या कड्या शेजारी-शेजारी ठेवून तिचा वंश शोधला. ही साखळी माणसाळलेल्या कुत्र्याची नाही. ती त्याच्या आणि लांडग्याच्या पूर्वजांमध्ये लाखो वर्षांमागे आली, आणि बहुधा अशाच एखाद्या प्राचीन पार्व्होला दाराबाहेर ठेवण्यासाठी टिकून राहिली. हे वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवलं. आम्ही इतिहासवाले दोन हजार वर्षांमागच्या शिलालेखानं हरखतो. इथे माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधी झालेल्या एका साथीची नोंद गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर कोरलेली आहे, आणि आपण त्याला हाड् म्हणून हाकलतो.

ही साखळी ओलांडायला विषाणूला फार काही करावं लागलं नाही. त्याचं कवच साठ प्रथिनांचं, फुटबॉलसारखं जोडलेलं. १९९१ मध्ये त्याची अणू न् अणूची रचना उलगडली, आणि कोणता बदल कवचावर नेमका कुठे बसतो ते डोळ्यांनी पाहता येऊ लागलं. मांजराचा विषाणू आणि १९७८ चा कुत्र्याचा विषाणू यांच्या या प्रथिनात फरक जेमतेम सहा-सात ठिकाणी. त्यातले ९३ आणि ३२३ या जागांचे दोन बदल प्रयोगशाळेत एकत्र केले की मांजराचा विषाणू कुत्र्याच्या पेशीत शिरू लागतो. शेकडो दुव्यांच्या साखळीतले दोन दुवे. पण दोन्ही एकत्र हवेत, नुसत्या एकानं काम होत नाही. इतकी वर्षं ते का घडलं नाही याचं उत्तर बहुधा त्यातच आहे.

आता मला ज्याची ओढ होती तो प्रश्न: हे कधी घडलं, आणि कुठे?

त्या काळी कोणी पाहत नव्हतं. कुत्र्यांच्या नव्या रोगावर नजर ठेवणारी यंत्रणा नव्हती, रोगच नव्हता तर नजर कशावर ठेवणार? पण प्रयोगशाळांना एक चांगली सवय असते: काहीही फेकून द्यायचं नाही. वेगवेगळ्या कामांसाठी काढलेल्या कुत्र्यांच्या रक्ताचं सीरम देशोदेशीच्या शीतपेट्यांत वर्षानुवर्षं पडून होतं. एखाद्या विषाणूशी शरीराची एकदा गाठ पडली की त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड रक्तात राहतात. तेव्हा जुन्या बाटल्या काढून विचारता आलं: तुझी याच्याशी भेट झाली होती का? अमेरिकेतल्या १९७८ पूर्वीच्या बाटल्या म्हणाल्या, नाही. नेदरलँड्समधल्या १९७६ च्या काही म्हणाल्या, हो. बेल्जियमच्याही त्याच सुमाराच्या. आणि आतापर्यंत सापडलेली सगळ्यात जुनी होकारार्थी साक्ष ग्रीसमधल्या १९७४ च्या कुत्र्यांची. म्हणजे साथ म्हणून कोणाच्या लक्षात येण्याच्या चार वर्षं आधी विषाणू युरोपात हळूहळू पाय रोवत होता. वेगवेगळ्या नमुन्यांची अक्षरं ताडून काढलेला वंशवृक्षही तेच सांगतो. कुत्र्यांतले सगळे विषाणू एकाच पूर्वजाचे, आणि तो पूर्वज १९७८ च्या मागे साधारण दहा वर्षांच्या आतला. दप्तरखान्यात काम केलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटेल. ज्या बाटलीवर कोणी 'महत्त्वाचं' असं लिहिलं नव्हतं ती साक्षीला उभी राहिली.

त्या वर्षांत दोषी शोधणारेही होतेच. जगभर एकदमच पसरलेली गोष्ट कोणीतरी पसरवली असणार, असा तर्क. संशय गेला तो लशीवर. मांजराची लस प्रयोगशाळेत पेशींवर वाढवतात, त्या पेशींत विषाणू बदलला असेल आणि बाटल्यांतून जगभर गेला असेल. शंका अगदीच वेडगळ नव्हती, शास्त्रज्ञांनीही ती गंभीरपणे तपासली. पण पुराव्यानं ती उचलून धरली नाही. वंशवृक्षात लशींचे विषाणू कुत्र्याच्या फांदीच्या मुळाशी येऊन बसत नाहीत. युरोपातल्या तांबड्या कोल्ह्यात मांजर आणि कुत्रा यांच्या मधला वाटावा असा एक विषाणू सापडला, आणि अमेरिकेतल्या रॅकूनांत पुढच्या पिढ्यांच्या मधले काही. म्हणजे हा विषाणू रानातल्या प्राण्यांमधून ये-जा करत होता. नेमकं दार कोणतं, हे आजही एका वाक्यात सांगता येत नाही. विष कोणी घातलं या प्रश्नाचं उत्तर 'कोणीच नाही' असं येऊ शकतं, हे माणसाला पचवणं जड जातं. मला तर फारच.

एवढा झपाट्यानं पसरला त्याचं कारण मात्र साधं आहे. या विषाणूला बाहेरचं चरबीचं आवरण नाही, म्हणून साबणानं मरत नाही, उन्हापावसात टिकतो, सावलीच्या ओल्या मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो. आजारी कुत्र्याच्या हरभऱ्याएवढ्या विष्ठेत तो कोट्यवधींनी असतो. चपलेच्या तळव्याला, सायकलच्या चाकाला, गवळ्याच्या पायाला चिकटून तो कुठेही जातो. दोन कुत्र्यांची भेट व्हायचीही गरज नाही. झिपऱ्या वाड्याच्या दाराबाहेर कधी गेला नव्हता, हे आमच्या आरोपपत्रातलं मुख्य कलम होतं. ते कलम इथे गळून पडलं.

तो माणसांच्या पायांनी कुठवर गेला याचं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या अफाट सरोवरात आयल रॉयल नावाचं बेट आहे. तिथे लांडगे आणि मूस नावाची प्रचंड हरणं यांची मोजणी १९५० च्या दशकापासून चालू आहे. कुत्री न्यायला बंदी. १९८० मध्ये बेटावर ५० लांडगे होते, आजवरचे सगळ्यात जास्त. १९८२ मध्ये १४ उरले. कोणीतरी बंदी मोडून पाळीव कुत्रा नेला आणि त्याच्याबरोबर पार्व्हो गेला, असं तिथले अभ्यासक मानतात. लांडगे घटले तशी हरणं वाढली, हरणं वाढली तशी झाडांची कोवळी रोपं उरेनात. कॉर्नेलच्या शीतपेटीतली बाटली आणि त्या बेटावरचं कुरतडलेलं झाड, दोन्ही एकाच गोष्टीची पानं.

दरम्यान विषाणू थांबलेला नव्हता. १९७८ च्या विषाणूनं कुत्रा मिळवला होता पण मांजर गमावलं होतं. कुत्र्याच्या कडीला हात घालण्याच्या नादात मांजराच्या शरीरात वाढायची हातोटी सुटली. मग १९७९ च्या सुमारास त्याच्यातून एक नवा प्रकार निघाला, त्याला २ए म्हणतात, आणि वर्ष-दोन वर्षांत त्यानं जगभर मूळच्याला पूर्ण हुसकावून लावलं. हे कळलं तेही जपून ठेवलेल्या नमुन्यांमुळेच. १९८५ मध्ये पॅरिश, कारमायकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पालट दाखवून दिला. ज्या विषाणूमुळे १९७८ ची दहशत पसरली तो १९८१ नंतर निसर्गात दिसेनासा झाला, उरला तो काही लशींच्या कुपीत. आपल्याकडच्या एखाद्या राज्यक्रांतीत पहिला क्रांतिकारक दोन वर्षांत बाजूला पडून त्याचा धाकटा भाऊ गादीवर बसावा तसा हा प्रकार. १९८४ मध्ये २बी, २००० साली इटलीत २सी. शेवटच्या दोघांची ओळख कवचाच्या ४२६ व्या जागेवरच्या एकाच बदलावर. भारतात १९८० च्या दशकाच्या आरंभीच मद्रासहून या रोगाची नोंद झाली आणि पुढे हे तिन्ही प्रकार आपल्याकडेही आढळले.

डीएनएचे विषाणू सावकाश बदलतात असं पाठ्यपुस्तकात असे. हा मात्र फ्लूसारख्या आरएनए विषाणूंच्या जवळपास जाईल इतक्या वेगानं बदलतो, असं २००५ मध्ये दिसलं. पण मला त्याहून वेधक वाटलं ते दुसरंच. हृदय बंद पडून मरणारी ती पिल्लं काही वर्षांतच दिसेनाशी झाली. विषाणू त्यासाठी मवाळ झाला असं समजायचं कारण नाही. तोपर्यंत बहुतेक कुत्र्यांना लागण किंवा लस होऊन गेली होती आणि त्यांचे प्रतिपिंड दुधातून पिल्लांकडे जात होते. पहिल्या काही आठवड्यांत, हृदयाच्या पेशी विभागत असतात तेव्हा, पिल्लू सुरक्षित. नंतर ती दुधाची ढाल विरते आणि हृदयाऐवजी आतडं सापडतं. रोगाचं रूप बदललं ते आयांमुळे. भाची सांगते, पिल्लांना लशीचे तीन-तीन डोस द्यावे लागतात तेही यामुळेच: आईचे प्रतिपिंड शिल्लक असतील तर लशीलाच खाऊन टाकतात, आणि ते कधी संपतील ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून चार महिन्यांचं होईपर्यंत पुन्हा पुन्हा टोचायचं. लोक एक डोस देऊन निघून जातात आणि मग रडत येतात, असं ती जरा चिडूनच म्हणाली.

कुत्र्या-मांजरांच्या घराण्यांमधली ही ये-जा एका विषाणूपुरती नाही. डिस्टेम्पर हा कुत्र्यांचा दुसरा मोठा रोग, गोवराच्या भावकीतला, पार्व्होशी नातं नाही. तो १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत सिंहांत शिरला आणि हजाराच्या आसपास सिंह गेले. २०१८ च्या पावसाळ्याअखेर आपल्या गीरमध्ये, दलखाणियाच्या भागात, २३ सिंह मेले, तेव्हा त्यांतल्या काहींच्या नमुन्यांत हाच विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं ओळखला. मी गुजरातेत राहतो, त्यामुळे त्या आठवड्यातली वर्तमानपत्रं आठवतात. तेव्हाही पहिली कुजबुज विषाचीच होती.

आता २ए कडे परत येतो, कारण माझ्या गोष्टीत तो एका वेगळ्याच वाटेनं आला. या २ए नं एक गोष्ट केली होती जी मूळच्याला जमली नव्हती: त्यानं मांजर परत मिळवलं. कवचावरचे आणखी चार-पाच बदल झाले आणि तो कुत्रा न सोडता मांजरातही वाढू लागला. म्हणजे १९८५ साली इंदुरात जो पार्व्हो फिरत असेल तो दोन्ही घरांत जाऊ शकत होता.

२०२२ च्या दिवाळीनंतर मी इंदूरला गेलो. वाडा पाडून तिथे चार मजली इमारत उभी आहे. काकू मुलाकडे राहतात, ऐंशी ओलांडलेल्या, कानांनी जरा कमी. मी जाण्याआधी फोन केला तेव्हा त्यांच्या मुलानं नाव पुन्हा विचारून घेतलं. बाबा गेले होते, काका गेले होते, आणि एका कुत्र्याच्या पिल्लाबद्दल सदतीस वर्षांनी बोलायला जाणं मला वाटेत दोनदा हास्यास्पद वाटलं.

काकूंनी पोहे केले होते, वर शेव आणि बडीशेप. मी मांडायचं ते मांडलं. एक नवा रोग होता, तेव्हा कोणालाच माहीत नव्हता, काकांनी काही केलं नव्हतं, आम्ही चुकलो. विषाणू, कडी, साखळी असलं काही बोललो नाही. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना विषाची बाटली आणायची कुठून तेही ठाऊक नव्हतं रे. उंदरांचं औषधसुद्धा मीच आणत असे." थोडं थांबून म्हणाल्या, "तुझ्या आईनं तिळगूळ घेतला नाही त्या वर्षी, तेव्हा ते रात्री जेवले नाहीत."

मी खाली मान घालून पोहे खात राहिलो. त्या पुढे बोलल्या ते मी अपेक्षिलं नव्हतं.

"आमच्या मनीची पिल्लंही तेव्हाच गेली ना. चारही. अशीच, ओकून ओकून. ते म्हणायचे, यांनीच सूड घेतला. मी म्हणायची, नाही हो, ती माणसं तशी नाहीत. पण मनात यायचंच."

माझ्यातला मास्तर जागा झाला. मी विचारलं, मांजरीची पिल्लं झिपऱ्याच्या आधी गेली की नंतर? आधी गेली असतील तर तो मांजरांचा जुना विषाणू असेल, त्याचा झिपऱ्याशी संबंध नाही, कारण तो कुत्र्यात शिरत नाही. नंतर गेली असतील तर कदाचित झिपऱ्याकडूनच गेला असेल, माझ्याच चपलेला लागून, कारण त्या आठवड्यात मोरी मीच धूत होतो आणि नळावर पाणीही मीच भरत होतो. किंवा दोन्ही रोग वेगवेगळे आणि एकाच पावसाळ्यात. रक्ताचा एक थेंबही कोणी जपून ठेवलेला नाही. फक्त काकूंची आठवण.

"आधी की नंतर?" मी मोठ्यानं विचारलं, त्यांना ऐकू जावं म्हणून.

काकूंनी बराच वेळ आठवून पाहिलं. "पाऊस होता," त्या म्हणाल्या. "त्यांनी पिल्लं गुलाबाच्या कुंड्यांमागे पुरली, आणि तुमच्या कुत्र्यानं कुंड्या उकरल्या म्हणून तर भांडण झालं." मग मान हलवली. "की ते भांडण आधीचं? नाही सांगता येत बाबा. पोहे घे अजून."

मी घेतले.